दोघांचा एक कोयता

ऊसतोडीच्या हिशेबात माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. आणि एक कोयता म्हणजे माणसं दोन, नवरा आणि बायको. तो बुडख्यापासून ऊस तोडतो, ती वाढं वेगळं करून मोळी बांधते, आणि मग दोघं मिळून डोक्यावरच्या मोळ्या फळीवरून चढवत गाडी भरतात. एखादा एकटाच आला, तर मुकादमाच्या वहीत तो 'अर्धा कोयता'. दिवाळीच्या आगेमागे बीडकडून, नगरकडून असे कोयते ट्रॅक्टर-ट्रकांतून भीमेच्या दोन्ही काठांना उतरतात. एका काठाला शिरूर, दुसऱ्या काठाला दौंड. गावाबाहेरच्या मोकळ्या रानात कोप्या उभ्या राहतात आणि पुढचे चार-पाच महिने हीच त्यांची वस्ती होते. याच पुणे जिल्ह्यातून आणखी एक जोडी परक्याच्या शेतावर निघते. ती दोघं मित्र असतात, नोकरीतून रजा काढलेली, पाठीवर सॅक. इटलीतल्या ऑलिव्हच्या बागेत, फ्रान्समधल्या शेळ्यांच्या गोठ्यावर किंवा न्यूझीलंडमधल्या फळबागेत दोन आठवडे राहायचं, दिवसाला चार ते सहा तास काम करायचं, बदल्यात जेवणखाण आणि अंथरूण. पैसे कोणी कोणाला द्यायचे नाहीत. या दोन जोड्या एका परिच्छेदात शेजारी बसवणं काहींना अप्रशस्त वाटेल. एकीच्या डोक्यावर आगाऊ घेतलेली उचल आहे, दुसरीच्या खिशात परतीचं तिकीट आहे. पण शेतावर राबणाऱ्या पाहुण्याच्या कामाची किंमत काय, हे ठरवायचं तर त्याला कोयत्याच्या शेजारी उभं केल्याशिवाय ते कळत नाही, असं माझं मत आहे.

पाहुणा म्हणून शेतावर राबण्याच्या या प्रकाराचा उगम तसा ताजा आहे. 1971 साली सू कॉपर्ड नावाच्या, लंडनमध्ये सेक्रेटरीची नोकरी करणाऱ्या बाईंना शनिवार-रविवार शहराबाहेर मातीत घालवावेसे वाटले, आणि ससेक्समधल्या एमर्सन कॉलेजच्या शेतावर त्यांनी चार माणसं जमवून तशी सोय करून घेतली. त्यातून 'वूफ' ही चळवळ जगभर पसरली. भारतातही तिची शाखा आहे. मला यात सर्वांत बोलकं वाटतं ते तिच्या नावाचं रूपांतर होत जाणं. आधी ते सेंद्रिय शेतांवर 'कामाचे शनिवार-रविवार' होतं. मग 'स्वखुशीचे कामगार' झालं. आणि शेवटी 'कामगार' हा शब्दच काढून त्या जागी 'संधी' आली, कारण परदेशातून येणाऱ्यांकडे विमानतळावरचे अधिकारी चोरून मजुरीला आलेली माणसं म्हणून पाहू लागले होते. अधिकाऱ्यांचं फार चुकत होतं असंही नाही. न्यूझीलंडचं सरकार आजही जेवण आणि निवारा हा मोबदलाच धरतं आणि अशा पाहुण्याला कामाचा परवाना असलेला व्हिसा मागतं. ऑस्ट्रेलियात शेतावर ठरावीक दिवस काम केलं की दुसऱ्या वर्षीचा व्हिसा मिळण्याची सोय आहे. 2015 साली तिथल्या सरकारने ठरवलं की त्या दिवसांत बिनपगारी स्वयंसेवा धरायची नाही, पगाराची पावती दाखवा. 'फुकट काम' या नावाखाली तरुण पाहुण्यांना राबवून घेतलं जातं, अशा तक्रारी आल्या होत्या. म्हणजे जिथून ही कल्पना निघाली त्या जगालाही अजून ठरवता आलेलं नाही, की हा पाहुणा आहे की मजूर. हौसेने जाणाऱ्यांची भाषा मात्र ठरलेली असते: आम्ही शेतकऱ्याला मदत करायला गेलो होतो.

मदत हा शब्द मला इथे खटकतो. शिरूर-दौंडच्या कुठल्याही कांद्याच्या वाफ्यात खाली बसून पाहिलं तर तो का खटकतो ते समजेल. खुरपणी हे अडाण्याचं काम, बसलं आणि गवत उपटलं, असा शहरात समज असतो. लव्हाळा उपटून पाहावा. वरचं पातं हातात येतं, खालची गाठ मातीतच राहते, आणि चार-आठ दिवसांत तिथूनच तरतरीत हिरवा कोंब वर येतो. रोजंदारीवर येणारी बाई खुरपं तिरकं घालते, गाठीच्या खालून उचलते, मनगटाला झटका देऊन माती झाडते, आणि हे सगळं शेजारणीशी बोलता बोलता, कांद्याच्या मुळाला धक्का न लावता. (गाजरगवताला तिचं खुरपंसुद्धा कंटाळतं. 1955च्या सुमारास भारतात ते पुण्यातच पहिल्यांदा नोंदलं गेलं, आयात धान्याबरोबर आलं असं मानतात. परदेशाहून येऊन शेतावर मुक्काम ठोकणारा हा पाहुणा काही परत गेला नाही.) लागणीचंही तसंच. ओल्या वाफ्यात उकिडवं बसून मागे मागे सरकत रोपं टोचायची. खोल गेलं तर कांदा पोसत नाही, वर राहिलं तर रोप कोलमडतं. गुऱ्हाळावर तर अंतर आणखी वाढतं. दौंडमध्ये केडगाव-यवतच्या पट्ट्यात गुऱ्हाळं पुष्कळ. तिथे काहिलीतल्या रसावरची मळी काढणं पाहुण्याला जमेलही, पण पाक उतरवायची वेळ गुळव्याच ठरवतो. थंड पाण्यात पाकाचे दोन थेंब टाकून बोटांत गोळी वळते का पाहतो. त्या मिनिटाला चुकलं तर अख्खी काहील चुकली. असा हात दोन आठवड्यांत तयार होत नाही. आणि ज्या कामाला खरोखर माणूस हवा असतो, ते काम तर कोणी शहाणा शेतकरी पाहुण्याच्या हाती देणारच नाही: रात्रीच्या पाळीत वीज आल्यावर बॅटरी घेऊन उसाला दारं धरायला जाणं. शिरूर तालुक्यात उसात बिबट्या आहे. दिवसा वीज द्या, ही तिथल्या शेतकऱ्यांची मागणी चैनीची नाही.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप शेतकऱ्यांकडूनच येईल. मजूर मिळत नाहीत हो, अनाडी का होईनात, चार हात मिळाले तर बिघडलं कुठे? आक्षेप खरा आहे, पण तो मजुरांच्या तुटवड्याविषयी जे गृहीत धरतो ते अपुरं आहे. शेतात माणसांचा तुटवडा वर्षभर नसतो. तो ठरावीक आठवड्यांत असतो. रोप तयार झालं, वाफे भिजले, कालव्याला पाणी आलं की लागण त्याच दिवसांत व्हायला हवी. म्हणून शिरूरकडे टोळ्या येतात, एकरावर उक्ता ठराव करतात, सकाळी टेम्पोतून उतरतात आणि रान संपवूनच जातात. पाहुण्याचा आठवडा त्याच्या रजेवर ठरतो, शेतकऱ्याचा आठवडा रोपावर ठरतो. दोन्ही जुळले तर योगायोग. इस्राएलच्या किबुत्झांची, म्हणजे सामूहिक शेतवस्त्यांची, गोष्ट इथे आठवण्यासारखी आहे. 1967च्या युद्धानंतर जगभरचे हजारो तरुण तिथे संत्री तोडायला गेले, गाणी म्हणाले, प्रेमात पडले, जन्मभराच्या आठवणी घेऊन आले. पण इस्राएलच्या शेतीला हमखास, हंगामभर टिकणारे हात लागले, तेव्हा ते थायलंडहून पगारावर आणले गेले. स्वयंसेवकांवर शेत चालत नाही हे किबुत्झसारख्या जागेलाही, जिथे श्रमाची जवळजवळ पूजा होत असे, मान्य करावं लागलं.

पण मग हे सगळं थोतांड म्हणून सोडून द्यायचं का? तसंही नाही. पहिल्या महायुद्धानंतर 1920 साली पिएर सेरेसोल या स्विस माणसाने वेर्दूनजवळच्या उद्ध्वस्त गावात परदेशी तरुणांचं पहिलं श्रमशिबिर भरवलं. 1934च्या बिहार भूकंपानंतर तोच माणूस तिथे घरं बांधायला आला. त्याने काढलेल्या संस्थेचे तरुण पुढे आनंदवनात बाबा आमट्यांकडेही येऊन विटा-माती वाहून गेले. 1967पासून बाबांच्या सोमनाथ प्रकल्पावर भरू लागलेल्या श्रमसंस्कार छावण्यांतून महाराष्ट्राची एक पिढी टिकाव-फावडं धरायला शिकली. या कामांतून भिंती उभ्या राहिल्या, बांध झाले, हे कोणी नाकारू नये. फक्त या कामांचा जातकुळीचा फरक लक्षात घ्यावा. भिंत एकदा उभी राहिली की उभी राहते, ती बांधणाऱ्याने नंतर जाऊन पाहिलं नाही तरी चालतं. पीक तसं नसतं. काल केलेलं काम उद्या पुन्हा मागतं. आणि दुसरं, छावणीने आपलं उद्दिष्ट नावातच सांगितलं आहे. 'संस्कार' कोणावर? काम करणाऱ्यावर. बाबांनी हे लपवलं नाही. शेतावर जाणाऱ्या दोन मित्रांनीही लपवू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

आपल्याकडे या देवाणघेवाणीला जुने, नेमके शब्द आहेत आणि 'स्वयंसेवा' हा त्यांतला नाही. एखाद्याचं रान मागे पडलं, बैल मेला, घरात आजारपण आलं, की गाव एक दिवस औतं घेऊन त्याच्या रानात उतरायचं आणि संध्याकाळी त्याच्याकडे जेवून घरी जायचं, ती इर्जिक. एकाचा एक बैल आणि दुसऱ्याचा एक, दोघांचं मिळून औत, तो वारंगुळा. आणि आज मी तुझ्या रानात, परवा तू माझ्या, ही सावड. तिन्हींत पैसा नाही, पण तिन्हींत हिशेब आहे, आणि तो फार काटेकोर असतो. सावडीला आलेल्या बाईचा दिवस कुठे लिहून ठेवत नाहीत. तरी तो कोणाकडे राहिला आहे हे सगळ्या आळीला ठाऊक असतं. ज्याने फेडला नाही त्याला कोणी शिव्या देत नाही. पुढच्या वेळी त्याच्या रानात कोणी येत नाही, बस. परदेशी शेतावरच्या पाहुणचाराला मी या मापाने मोजतो. तिथल्या शेतकऱ्याने दोन अनाडी माणसांना घरात घेतलं, पोसलं, स्वतःचा वेळ मोडून छाटणीची कात्री कशी धरायची ते शिकवलं, त्यांनी चुकीच्या जागी तोडलेल्या फांद्या सोसल्या. हिशेब केला तर येणं त्याचं निघतं, त्या दोघांचं नव्हे. पाहुणे मदत देऊन आलेले नसतात. सावड घेऊन आलेले असतात.

मग फेडायची कुठे? इटलीतल्या त्या माणसाच्या रानात पुन्हा जाणं बहुतेकांना शक्य नसतं, आणि सावड दुसऱ्याच कोणाच्या रानात फेडता येते का, यावर एखादा जुना शेतकरी मान हलवेल. तरीही मला वाटतं, येते. पण त्यासाठी ज्या रानात आपण पाहुणे नाही अशा रानात उतरावं लागतं. इथेच या विषयातली खरी गाठ आहे, आणि ती लव्हाळ्याच्या गाठीइतकीच खोल आहे. पुण्यापासून दीड-दोन तासांवर स्वतःच्या आजोबांचं रान असलेला मुलगा तिथे खुरपं धरत नाही, पण दहा तासांचा विमानप्रवास करून दुसऱ्याच्या रानात हौसेने धरतो. याला ढोंग म्हणणं सोपं आहे, पण अन्यायाचं आहे. शिरूरच्या रानात खुरप्याला नुसती मूठ नसते. त्याला जात असते, ते बाईचं की बाप्याचं हे ठरलेलं असतं आणि त्याचा रोज ठरलेला असतो. इंजिनियर झालेला मुलगा वाफ्यात बसला, तर गाव 'शिकतोय' म्हणत नाही, 'नोकरी गेली वाटतं' म्हणतं. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही, ही गोष्ट याच पट्ट्यातल्या लग्नाळू घरांना विचारा. परदेशात मातीला हे वास नसतात, म्हणजे असतात, पण आपल्या नाकाला येत नाहीत. तिथली भाजी तोडणारा पाहुणा आपली जात, आपलं घराणं, आपली पडकी पत विमानतळावर ठेवून जातो. ही मोकळीक खोटी नाही. कदाचित तिथेच पहिल्यांदा एखाद्याला कळत असेल की वाकून काम करण्यात लाज कशाची. पण ती मोकळीक परत येताना सॅकमध्ये भरून आणली तरच तिचा उपयोग, आणि बहुतेक वेळा सॅकमध्ये ऑलिव्हच्या तेलाची बाटली येते.

शिरूर तालुक्यातल्या मोराच्या चिंचोलीत या प्रश्नाचं एक व्यावहारिक उत्तर शोधलं गेलं आहे. मोर आणि चिंचेची झाडं यांवर नाव मिळवलेल्या या गावाने शहरातल्या पाहुण्यांना पैसे घेऊन शेत दाखवायला सुरुवात केली: बैलगाडी, हुरडा, पिठलं-भाकरी, झाडाखाली बाज. 2020 साली राज्य सरकारनेही कृषी पर्यटनाचं धोरण आणलं. काही विद्वानांना ही शेतीची जत्रा वाटते. मला ती जास्त प्रामाणिक वाटते, कारण तिथे कोण कोणाला काय देतं हे पाटीवर लिहिलेलं असतं. आता एकाच तालुक्यात उभं राहून पाहा. तीच काळी माती, आणि तिच्यावर पाऊल टाकण्याचे भाव किती! चिंचोलीचा पाहुणा तिथे यायला पैसे मोजतो. परदेशी गेलेल्या मित्राला तशाच मातीत फुकट जेवण मिळतं. खुरपणाऱ्या बाईला रोज मिळतो. आणि कोयत्याच्या जोडीला हंगामाआधीच उचल मिळालेली असते, म्हणून तिला आजारी पडायलाही परवानगी नसते. पडली तर खाडा, म्हणजे दंड. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांनी मोठ्या संख्येने गर्भाशयं काढून टाकल्याचं 2019 साली महाराष्ट्रासमोर आलं आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, त्यामागे इतर कारणांबरोबर हा खाडाही होता. चौघांच्या श्रमात फरक काय? घाम सगळ्यांनाच येतो. फरक एकच, कंटाळा आला तर कोण उठून जाऊ शकतं. दोन मित्रांचं पटलं नाही तर एक पुढच्या गावी जाईल, दुसरा परत येईल. कोयत्यातला एक गेला तर उरलेला अर्धा होतो, आणि उचल मात्र पुरी फेडायची राहते.

उठून जाण्याची मुभा असतानाही जो राहतो त्याचं काय, हाही प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर दौंड तालुक्यातच आहे, पुणे-दौंड लोहमार्गावरच्या केडगावात. पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडला गेल्या तेव्हा बरोबर लहानगी मनोरमा होती आणि आनंदीबाई भगत ही मैत्रीण होती. मैत्रीण तिकडेच वारली. पुढे अमेरिकेत रमाबाईंच्या कामासाठी लोकांनी मंडळ काढून दहा वर्षं मदत देण्याचा शब्द दिला. दहा वर्षांनी काय, याचा विचार रमाबाईंनी मुदत संपण्याआधीच केला, आणि त्यांचं उत्तर होतं शेत. केडगावला जमीन घेतली, विहिरी खोदल्या, संत्र्या-लिंबांची झाडं लावली, म्हणजे त्यांच्या बायका-मुलींच्या आश्रमाला आपल्या पायावर उभं राहता येईल. 1896-97च्या दुष्काळात शेकडो मुली-बायका तिथे आल्या आणि फळबागेचं 'मुक्ती' झालं. शेती, गाईगुरं, तेलघाणा, विणकाम, छापखाना, सगळं त्या बायकांच्या हातांनी चालू लागलं. तिथे परदेशातून मदतीला बायका येत. मिनी एब्रम्स ही अमेरिकन बाई 1898मध्ये आली. त्याच वर्षी रमाबाई अमेरिकेला गेल्या तेव्हा मुक्तीचा कारभार तिने सांभाळला, आणि ती दहाएक वर्षं राहिली. कोणी म्हणेल, ती धर्मप्रसारासाठी आली होती, निव्वळ सेवेसाठी नाही. बरोबर आहे, आणि त्या हेतूवर त्या काळीही पुण्यात कडाडून टीका झाली. ती सगळीच चुकीची होती असं मी म्हणणार नाही. पण माझा मुद्दा हेतूचा नाही, मुदतीचा आहे. विहिरीला पाणी कोणत्या महिन्यात आटतं, हे कळायला किमान एक उन्हाळा तिथे काढावा लागतो. दहा उन्हाळे काढणाऱ्या माणसाच्या कामाला मदत म्हणायचं की नाही, हे ठरवायला तरी काही हाताशी असतं. दोन आठवड्यांवर मत द्यायलाही जागा नसते.

सगळ्यांना दहा वर्षं थोडीच मिळणार? नाही मिळणार, आणि मित्राबरोबर दोन आठवडे शेतावर जाऊ नये असंही मला सुचवायचं नाही. जावं. फक्त हिशेबात एक माणूस कायम सुटतो तो धरावा. 'जेवणखाण आणि अंथरूण' हा या कराराचा अर्धा भाग आहे, आणि तो करार करणारा बहुतेक वेळा पुरुष असला तरी तो पाळणारी घरातली बाई असते. उद्या शिरूरच्या एखाद्या तरुण शेतकऱ्याने दोन पाहुण्यांना बोलावलं, तर ते सकाळचे चार तास खुरपतील, लव्हाळ्याची पाती उपटतील. तेवढ्यात ती चार भाकऱ्या जास्त थापेल, दोन माणसांचं पाणी जास्त भरेल, त्यांच्यासाठी तिखट कमी घातलेली वेगळी भाजी टाकेल, आणि मग दुपारी त्यांनी सोडलेल्या गाठी काढायला स्वतः वाफ्यात बसेल. म्हणून पाहुण्यांना कामाला लावायची सुरुवात रानातून करू नये. खुरपं नंतर द्यावं. आधी मोरीवर न्यावं, राखेचं भांडं आणि काथ्या दाखवावा, आणि तव्यापासून सुरुवात करायला सांगावं.